वीतभर उघडी खिडकी

"तळ्यावर आपलं माणूस गेलेलं असेल तोवर घरानं आवाज करायचा नाही. ऐकू येईल असं राहायचं."

हेर्दिस लग्न होऊन या घरात आली त्या पहिल्याच हिवाळ्यात सासूनं, याकोबिनानं, तिला हे सांगितलं होतं. रागावून नव्हे. हेर्दिस शिवणयंत्रावर पडदे शिवत बसली होती. सासू मागून आली, फिरत्या चाकावर तळहात ठेवून तिनं चाक थांबवलं, आणि मग हे एवढंच बोलली. बाहेर कॅनडातलं विनिपेगचं तळं गोठून पांढरंफटक पडलं होतं. म्हणायचं तळं, त्याचा पलीकडचा काठ इथून कधी कुणाला दिसलेला नाही. त्या बर्फाला भोकं पाडून, खालून जाळी ओढून मासे काढायला हेर्दिसचा नवरा वाल्दी भल्या पहाटे गेला होता.

हेर्दिसनं ते व्रतासारखं धरलं. सकाळी कुणाशी बोलायच्या आधी तिची प्रार्थना असे, तसंच हेही. वाल्दी बर्फावर असला की रेडिओ बंद, यंत्र बंद, भांडीसुद्धा हळू. मग सासू गेली. पुढे गुडघे कुरकुरायला लागले तसा वाल्दीनं मासेमारीचा परवाना लेकीच्या, सोलरूनच्या, नावावर केला. सोलरूनच्या खिशात फोन, बर्फावर धावणाऱ्या तिच्या स्किडूवर वाट दाखवणारं यंत्र. आता घरानं गप्प बसून काय व्हायचं होतं? तो नेम कुणी मोडला नाही. जुन्या शिवणीसारखा आपोआप उसवला, आणि हेर्दिसच्या ते ध्यानातही आलं नाही.

यंदा वसंतात होडी ओढता ओढता वाल्दी खाली बसला तो उजव्या अंगानं उठलाच नाही. पाय हळूहळू आला. हात अर्धामुर्धा आला. बोलणं मात्र कुठेतरी अडकून राहिलं. "हो", "नाही", "चल", एवढंच. नवल असं, की सकाळी हेर्दिसनं प्रार्थना सुरू केली की तो तिच्याबरोबर ती अथपासून इतिपर्यंत म्हणे, एक शब्द न चुकता. संपली की पुन्हा मुका. हेर्दिसला वाटे, देवानं सगळं नेलं नाही, एक दार किलकिलं ठेवलंय. ती रोज त्या दाराशी बसायची.

इस्पितळातल्या बाईनं सोलरूनला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "हाताला काम हवं. त्यांना येतं ते, आवडतं ते. हा हिवाळा खुर्चीत घालवला, तर मूठ मिटेल ती मिटेलच. आणि थंडीत मात्र तो हात नको."

वाल्दीला येणारं आणि आवडणारं काम एकच, जाळी सांधायचं. आणि त्याची जागाही एकच, घराला लागून असलेलं गॅरेज. नावाला गॅरेज, गाडी आत कधी गेली नाही. एका भिंतीला जाळी, दुसरीला कोयते-कुऱ्हाडी, मधे लांब बाक, आणि कोपऱ्यात तेलाच्या जुन्या पिंपाची केलेली शेगडी. परवाना लेकीला दिल्यापासून वाल्दी सगळा हिवाळा तिथेच असे. शेगडीत लाकूड सरकवायचं, तळ्याकडची खिडकी वीतभर उघडायची आणि जाळं मांडीवर घ्यायचं. हेर्दिस कॉफी घेऊन जाई आणि दर वेळी टोमणा मारी, "तू काय अख्खं तळं तापवायला निघालायस का रे?" तो नुसता हसे. बाहेर त्याच भिंतीवर मोठा दिवा होता. तो लागला की सोलरून लांबून बघून परत यायची, आणि बापलेक साखरेचा खडा दाताखाली धरून कॉफीचे घोट घेत बसायचे. शेजारचा बोहदान म्हणे, "वाल्दी बायकोला भिऊन तिथे राहतो."

पण आता एका हातानं लाकडं फुटत नव्हती. त्यातून विम्याचा माणूस येऊन शेगडी बघून गेला. घराला चिकटून असं पिंप चालणार नाही, म्हणाला. सोलरूननं ते बाहेर काढून ठेवलं, तेव्हा वाल्दी दारात उभा राहून बघत होता.

"पाब्बी, तोंड पाडू नकोस," ती बापाला म्हणाली. "तळं गोठायच्या आत तुला याहून झकास काहीतरी बसवून देते."

ती खरंच मागे लागली. ऑक्टोबरभर स्वयंपाकघराच्या टेबलावर हीटरची रंगीत पत्रकं पसरलेली असत. छताला टांगायचा गॅसचा, पंख्यानं गरम हवा फेकणारा. विजेचा, तोही पंख्याचा. जमिनीखाली गरम पाण्याच्या नळ्या घालायच्या. पण त्याला फरशीवर नवं काँक्रीट हवं, आणि तेवढे दिवस हातात नव्हते.

"हा बघ, पाब्बी. दहा मिनिटांत अख्खं गॅरेज ऊबदार."

"नाही."

"मग हा? हा भिंतीवर बसतो. जागा खात नाही."

"नाही."

"का नाही पण?"

वाल्दीचे ओठ हलले. काहीतरी वर येत होतं, घशाशी येऊन परत गेलं. त्यानं डावा हात उचलून खिडकीकडे केला.

"बाहेर काय? पिंप? पिंप आता विसर!" सोलरूननं पत्रकं गोळा केली. "मम्मा, तूच सांग याला. वीजवाला दोन आठवडेच मोकळा आहे. नंतर तो मिळायचा नाही, आणि हा बसेल त्या खुर्चीत भिंतीकडे बघत."

हेर्दिस वाल्दीच्या उजव्या हाताकडे बघत होती. मांडीवर तो एखाद्या झोपलेल्या पाखरासारखा पडलेला असे, आणि बोटं रोज थोडी आत वळत चालली होती. ती रोज तेल लावून ती एकेक उलगडे. दुसऱ्या दिवशी पुन्हा मिटलेली.

बोहदानला हे कळलं तसा तो स्वतःच तिघांना न्यायला आला. "कागदावर काय बघता? माझ्याकडे चला. माझं गॅरेज म्हणजे मेक्सिको आहे मेक्सिको!"

होतंच तसं. बाहेर गारठ्यानं नाक दुखत होतं आणि आत बोहदान अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात लसणीची सॉसेज कापत उभा. छताला टांगलेला हीटर घोंघावत होता. त्याच्या ट्रकचं बर्फ वितळून सगळीकडे पाणी झालं होतं, आणि दाराखालून गेलेलं पाणी गोठून दारच जमिनीला चिकटलं होतं.

"दार उघडतं कसं मग?" हेर्दिसनं विचारलं.

"लाथेनं," बोहदान म्हणाला. "ऊब हवी तर लाथ मारावीच लागते. बस रे वाल्दी, टोपी काढ! तुम्ही मूळचे आइसलँडवाले, ऊब म्हटली की पाप केल्यासारखे बसता."

वाल्दी बसला. टोपी काढली. सॉसेजचा तुकडा घेतला, पण तोंडात घातला नाही. मान तिरकी करून तो ऐकत राहिला, डावा कान वर, जसा कुणी भिंतीपलीकडचं बोलणं ऐकावं. मधेच हीटर थांबला, तसे त्याचे खांदे सैल झाले. हीटर पुन्हा घरघरला. वाल्दी उठला, टोपी न घालताच बाजूच्या दारानं बाहेर गेला आणि थंडीत उभा राहिला, तळ्याकडे तोंड करून.

"माझी सॉसेज एवढी वाईट नाही रे," बोहदान म्हणाला, पण हळू.

घरी पोचल्यावर दारात बूट काढता काढता सोलरूनचा बांध फुटला. "मी उद्या बोहदानच्यासारखाच मागवते. पाब्बीला ते पिंपच हवंय, दुसरं काही नाही. मी हे कुणासाठी करतेय? माझ्यासाठी?"

वाल्दीनं डाव्या हाताची मूठ टेबलावर आपटली. कॉफीचे पेले उडाले. मग तो स्वतःच्या मुठीकडे असा बघत राहिला की जणू ती दुसऱ्या कुणाची आहे. सोलरूनचे डोळे भरले. ती वाकली, त्याच्या टकलावर ओठ टेकले आणि निघून गेली.

त्या आठवड्यात खाडीचा भाग गोठला. मोठं तळं अजून काळं होतं, पण काठालगत पातळ, निळसर बर्फ धरलं. सोलरून त्या सकाळी लोखंडी पहार घेऊन निघाली. दर पावलापुढे पहार आपटत, बर्फ किती धरलंय ते बघत. दरवर्षी पहिल्यांदा असंच जायचं असतं. हेर्दिसनं तिला खिडकीतून जाताना पाहिलं, मनात नाव घेतलं आणि कामाला लागली. नाताळसाठी विनार्तेर्ता करायला घ्यायचा होता. आलुबुखाराचं सारण थराथरात भरून हा केक आठवडेच्या आठवडे मुरत ठेवायचा असतो. तिनं पीठ चाळून ठेवलं, लोणी-साखर भांड्यात घेतली आणि विजेची रवी सुरू केली.

रवी एकदम थांबली. हेर्दिसनं वळून पाहिलं. वाल्दी शेजारी उभा होता. भिंतीतून उपसलेली तार त्याच्या डाव्या हातात. चेहऱ्यावर राग नव्हता. त्यानं तार ओट्यावर अलगद ठेवली, पाय ओढत तळ्याकडच्या खिडकीशी गेला, कडी काढली आणि खिडकी वीतभर उघडली. बोचरी हवा आत आली.

"तू काय अख्खं तळं..." हेर्दिसच्या तोंडात टोमणा आला आणि तिथेच विरला.

चाकावर ठेवलेला एक तळहात तिला आठवला.

ती तशीच उभी राहिली. घर इतकं शांत झालं होतं की भिंतीवरच्या घड्याळाचीही अडचण वाटावी. आणि मग तिला ऐकू आलं. लांबून, खालून, तार छेडल्यासारखा एक बारीक सूर, आणि त्याच्यामागून दुसरा. नवं बर्फ थंडीनं आवळत होतं. वाल्दीनं मान हलवली. हा चांगला आवाज. थोड्या वेळानं त्यानं डोळे मिटले, कान खिडकीच्या फटीला लावला आणि तो ऐकत राहिला. काठाकडे परतणारी पहारीची टकटक येईपर्यंत तो तिथून हलला नाही.

हेर्दिसनं पिठाचा हात पुसला आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "वाल्दी, गॅरेजची खिडकी. मला वाटायचं, धुरासाठी उघडतोस."

"नाही."

"सोलरूनसाठी?"

"हो."

"परवाना दिलास तेव्हापासून? रोज? ती परत येईपर्यंत?"

"हो." त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आजारपणानंतर ते लवकर येई.

"आणि मी म्हणायचे, जाळं सांधायला एवढा वेळ लागतो कसा." ती हसली आणि तिलाही रडू आलं. "तुझ्या आईनं मला सांगितलं होतं रे. मला! तिचा नेम तू धरलास आणि मी सोडला."

वाल्दीनं डाव्या हातानं तिच्या गालावरचं पीठ पुसलं. पुसलं म्हणजे जास्तच पसरलं.

सोलरून आत आली ती लाल नाक घेऊन. "धरलंय छान! पण मम्मा, खिडकी का उघडी? दोघं रडताय का? काय झालं?"

हेर्दिसनं सांगितलं. सोलरून टोपी हातात घेऊन ऐकत राहिली. आधी तिनं मान उडवली. "पण माझ्याकडे फोन आहे. वारा कुठून फिरणार ते आधी कळतं मला..." ती थांबली. "पाब्बी, गेल्या वर्षी हिवाळा सरताना. तू भर दुपारी दिवा लावलास. मी जाळी अर्धी टाकून आले, चिडूनच. आणि संध्याकाळी तिथे ती फट पडली, ट्रक जाईल एवढी. मी म्हटलं, नशीब. मला वाटायचं, तू कॉफी झाली म्हणून दिवा लावतोस."

"हो," वाल्दी म्हणाला. मग जरा विचार करून, "नाही."

सोलरून हसता हसता त्याच्या गुडघ्याशी खालीच बसली.

आता प्रश्न कळला होता, पण सुटला नव्हता. घोंघावणारं काही नको, आणि खिडकी तर उघडीच हवी. बोहदाननं कपाळाला हात लावला. "खिडकी उघडी ठेवून हवा तापवायची? फूटभर भोक असलेल्या बादलीत पाणी भरा त्यापेक्षा!" सोलरूननं पुन्हा सगळी पत्रकं काढली. सगळे हीटर हवाच तापवत होते. वीजवाल्याचे मोकळे दिवस सरत चालले होते. वाल्दी रोज अंगावर गोधडी घेऊन थंड गॅरेजमध्ये जाऊन बसे आणि हेर्दिस त्याला निळ्या बोटांनिशी परत घेऊन येई. एकदा जाळं मांडीवर होतं, पण सुई खाली पडलेली, आणि ती उचलायचा प्रयत्नही त्यानं केलेला नव्हता. त्या दिवशी तिनं बोटं उलगडायला घेतली तर करंगळी उलगडेचना.

हेर्दिसनं प्रार्थनेत हीटर कधी मागितला नव्हता. दुसऱ्या सकाळी मागितला. मागताना तिला थोडी लाज वाटली.

शनिवारी गावातल्या पोरींचा हॉकीचा सामना होता. बोहदानची नात खेळणार म्हणजे जायलाच हवं. मोठ्या पत्र्याच्या छपराखाली बर्फाचं रिंगण, भोवती लाकडी बाकं, आणि बाहेरचं दार कुणीतरी नेहमीप्रमाणे सताड उघडं टाकलेलं. आरडाओरडा, पिपाण्या, बोहदानचं नातीपेक्षा जास्त धावणं. सामना संपला, माणसं पांगली. वाल्दीला उठायला वेळ लागतो म्हणून हेर्दिस त्याच्याजवळ बसून राहिली. एकदम सगळं शांत झालं.

तिला जाणवलं, आपण कोटाची बटणं काढून बसलोय. दारातून वारा येत होता. तोंडातून वाफ निघत होती. समोर बर्फ, एक थेंबही न वितळलेलं. पण गुडघे ऊबदार होते, खांदे ऊबदार होते. हिवाळ्यात सकाळी पायरीवर उन्हात बसल्यासारखे. तिनं वर पाहिलं. बाकांच्या वर, छपराखाली, लाल निखाऱ्यासारख्या सळ्या पेटलेल्या होत्या. किती वर्षं ती त्यांच्याखाली बसत आली होती, आणि वर बघायचं कधी सुचलं नव्हतं.

"वाल्दी," ती म्हणाली. "ऐक."

तो ऐकू लागला. सळ्या बोलत नव्हत्या. कुठेतरी बर्फ करकरलं; तेवढं ऐकू आलं. त्यानं दातांनी उजव्या हाताचा मोजा ओढून काढला आणि तो हात वर धरला, पालथा, मग उलथा, पिंपाच्या शेगडीसमोर धरत असे तसा. हळूहळू बोटं सैलावली. करंगळीसुद्धा.

"हो," तो म्हणाला, आणि मग आणखी एकदा, मोठ्यानं, रिकाम्या बाकांना ऐकू जाईल असं, "हो!"

सोलरून धावत आली. "काय झालं? पडला का?"

"तुझ्या बापानं हीटर पसंत केला," हेर्दिस म्हणाली. "हा हवा तापवत नाही. माणूस तापवतो."

बोहदान बराच वेळ मान वर करून सळ्यांकडे बघत राहिला. "म्हणजे पिंपासारखंच की," शेवटी तो म्हणाला. "नुसतं उन्हाचं पिंप. मला सुचायला हवं होतं हे."

"तू मेक्सिकोत होतास," सोलरून म्हणाली.

वीजवाला शेवटच्या मोकळ्या दिवशी आला. बाकाच्या वर दोन लांब सळ्या बसवल्या, वाल्दीच्या डाव्या हाताला बटण दिलं, आणि बाहेरच्या दिव्याचं बटणही त्याच्या शेजारीच. लावल्या तेव्हा पत्रा तापताना टिकटिकला. वाल्दीच्या कपाळावर आठी आली. टिकटिक थांबली, मग काहीच नाही. आठी गेली. हेर्दिसनं खिडकीची कडी पुसून तिला तेलाचा थेंब दिला, कुरकुरू नये म्हणून.

मोठं तळं धरलं त्या सकाळी अजून उजाडायचं होतं. प्रार्थना झाली. वाल्दीनं शेवटचा शब्द तिच्याबरोबर म्हटला आणि गप्प झाला. सोलरून दारात पट्टे आवळत होती. बाहेर तिचा मासेमारीतला जोडीदार स्किडूवर जाळी बांधत होता.

"लांब जाणार आज," ती म्हणाली. मग बापापाशी आली आणि त्याचे दोन्ही हात, चांगला आणि दुखरा, आपल्या मोज्यांत धरले. "पाब्बी, कान देशील ना माझ्यासाठी?"

"हो."

"दिवा लावलास की येईन. जाळी अर्धी असली तरी. कॉफी नसली तरी."

"हो."

स्किडूचा आवाज लांब जात जात बारीक झाला आणि मिटला. हेर्दिसनं हात लांब करून रेडिओ बंद केला. कपबश्या विसळायच्या होत्या. तिनं त्या तशाच ठेवल्या.

वाल्दीनं बशीतला साखरेचा खडा उचलून दाताखाली धरला. कॉफीचा पेला डाव्या हातात घेतला, जाळ्याची सुई खिशात आहे ना ते उजव्या हातानं चाचपून पाहिलं. बोटांनी ती धरली. मग लोकरीच्या मोज्यांनी, पाय न वाजवता, गॅरेजकडे निघाला. दारापाशी पोचल्यावर त्यानं कडी कोपरानं दाबली, आणि आत गेल्यावर दार इतक्या हळू लोटलं की ते लागल्याचं हेर्दिसलाही ऐकू आलं नाही.